आधीचं सिझर, आता नॉर्मलची इच्छा: कळा आणायच्या तर कशाने?

जत_सीएचओ

नमस्कार. जत तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या नोंदणीतल्या मातेबद्दल विचारायचं आहे. वय २७, दुसरी खेप. पहिलं सिझर ३ वर्षांपूर्वी, दिवस पूर्ण भरलेले असताना, बाळ पायाळू होतं म्हणून. कळा सुरू झालेल्याच नव्हत्या. आता ३९ आठवडे ४ दिवस झालेत. डोकं खाली, सोनोग्राफीत वजन अंदाजे २.९ किलो, वार वरच्या बाजूला, पाणी पुरेसं. बीपी-शुगर ठीक, हिमोग्लोबिन १०.४. कळांचा पत्ता नाही.

नवरा-बायको दोघांनाही नॉर्मल हवी आहे. एका दवाखान्यात सांगितलं, "तारखेपर्यंत कळा आल्या तर बघू, नाहीतर सिझर." दुसरीकडे म्हणाले, "गोळी ठेवून बघता येईल." घरचे गोंधळलेत. सासूबाई एरंडेल द्यायच्या तयारीत आहेत, त्यांना सध्या थांबवलंय.

विचारायचं ते असं. आधीचं सिझर असताना कळा आणायच्या झाल्या तर कोणते मार्ग सुरक्षित धरले जातात? किती दिवस थांबता येतं? आणि मिरजेला पाठवताना मी काय काय बघून, लिहून द्यावं? इथून कवठे महांकाळमार्गे मिरज गाठायला दीड-दोन तास सहज जातात, तेही लक्षात घ्या.

प्रसूती_मिरज

मॅडम, आधी गोळीचं. पिशवीवर जुना व्रण असताना दिवस भरलेल्या जिवंत बाळासाठी मिसोप्रोस्टॉल ठेवायचं नाही, २५ मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. "छोटा डोस आहे" ही पळवाट इथे चालत नाही. अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांतही हे स्पष्ट आहे.

कारण साधं आहे. व्रण असलेल्या पिशवीत कळा आणताना मी पहिला प्रश्न हाच विचारते की गडबड झाली तर हे औषध थांबवता येईल का? कळांचं सलाईन बंद केलं की ऑक्सिटोसिनचा जोर काही मिनिटांत उतरायला लागतो. फोलीचा (टोकाला फुगा असलेल्या रबरी कॅथेटरचा) फुगा रिकामा करून काढता येतो. गोळी एकदा विरघळली की परत घेता येत नाही, तिचा असर तासन् तास राहतो. डायनोप्रोस्टोनचं जेलही तसंच, गोळी आणि जेल दोन्ही प्रोस्टाग्लँडिन गटातली औषधं. दोरीवाला इन्सर्ट ओढून काढता येतो, पण प्रोस्टाग्लँडिनचा मूळ मुद्दा उरतोच. हे औषध पिशवीच्या तोंडाचे तंतू मऊ करतं, आणि तोच परिणाम जुन्या व्रणाच्या जागीही होत असावा, असं मानलं जातं.

आकडे सांगते, म्हणजे घरच्यांना समजावताना हाताशी राहतील. वॉशिंग्टन राज्यातल्या २० हजारांहून जास्त मातांचा अभ्यास २००१ साली आला. पिशवी फाटण्याचं प्रमाण कळांशिवाय दुसरं सिझर केलेल्यांत ०.१६ टक्के होतं, आपोआप कळा आलेल्यांत ०.५२, प्रोस्टाग्लँडिनशिवाय कळा आणलेल्यांत ०.७७ आणि प्रोस्टाग्लँडिन वापरलेल्यांत २.४५. पुढे २००४ साली अमेरिकेतल्या १९ केंद्रांचा मोठा अभ्यास आला. त्यात आपोआप कळांत ०.४ टक्के, फोलीसारख्या यांत्रिक पद्धतीत ०.९, फक्त ऑक्सिटोसिनने १.१, आणि प्रोस्टाग्लँडिन वापरलेल्या गटात (ऑक्सिटोसिन जोडलेलं असो वा नसो) १.४. त्या अभ्यासात निव्वळ प्रोस्टाग्लँडिन दिलेल्या मोजक्या मातांत एकही पिशवी फाटली नव्हती. जेलनंतर ऑक्सिटोसिन चढवणं हा मेळ जास्त घातक दिसतो. पण जेल लावलेल्या बाईला पुढे ऑक्सिटोसिन लागणारच नाही, याची खात्री आधी कोण देणार? म्हणून आम्ही जेलपासूनही लांब राहतो.

तुमच्या मातेची बाजू चांगली आहे. पहिलं सिझर पायाळू बाळामुळे झालं, म्हणजे "बाळ अडलं" हा इतिहास नाही. अशा मातांत नॉर्मल होण्याची शक्यता जास्त असते. एकूण धरलं तर प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. आधी एखादी नॉर्मल झाली असेल तर ८५ ते ९०. मात्र कळा आणून प्रयत्न केला की हे प्रमाण आपोआप कळांपेक्षा खाली येतं, आणि तोंड कच्चं असेल तर आणखी खाली. हे लपवू नका.

थांबण्याबद्दल: बाकी सगळं ठीक असेल तर "४० ला सिझरच" असा नियम नाही. ४० नंतर आठवड्यातून दोनदा एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा पट्टा) आणि पाण्याची तपासणी करत ४१ पर्यंत थांबता येतं. सगळ्यात कमी जोखमीच्या कळा म्हणजे आपोआप आलेल्या, त्यांना ही संधी द्यावी. मधल्या काळात तोंडातून बोट फिरवून पाणमोट सुटी करणं, ज्याला आपण स्वीपिंग म्हणतो, ते करता येतं. त्याने पिशवी फाटण्याचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. थोडं दुखतं, एक-दोन दिवस डाग लागतो, अनियमित कळा येऊन रात्रीची झोप जाते. तोंड अजिबात बंद असेल तर बोटच जात नाही, तेव्हा जबरदस्ती करू नये. आणि हे दवाखान्यातच, वार खाली नाही याची खात्री करून. बीपी वाढलं, बाळाची हालचाल कमी झाली किंवा पाणी गेलं तर हे वेळापत्रक लागू राहत नाही.

४१ ला तोंड बघायचं. बिशप स्कोअर ६ किंवा जास्त असेल, म्हणजे तोंड मऊ, पुढे आलेलं, पातळ, २-३ सेंटीमीटर उघडलेलं आणि डोकं बसलेलं, तर पाणमोट फोडून गरजेप्रमाणे ऑक्सिटोसिन. स्कोअर कमी असेल तर आधी फोली. आणि स्कोअर १-२, डोकं वर तरंगतंय, अशा स्थितीत आम्ही जोडप्यासमोर ठरवून सिझरचा पर्यायही तितक्याच गांभीर्याने ठेवतो.

मिफेप्रिस्टोन काही ठिकाणी देतात, पण जिवंत बाळ असताना कळा आणण्यासाठीचा नेहमीचा पर्याय म्हणून ते मान्य झालेलं नाही. मी सुचवणार नाही.

लेबररूम_सिस्टर_सांगली

फोलीबद्दल प्रत्यक्ष कामाचं लिहिते, कारण "फुगा लावला" एवढंच केसपेपरवर असतं आणि पुढची शिफ्ट अंदाजाने चालते.

आधी २० मिनिटं एनएसटी. लघवी करून यायला सांगायचं. लॅटेक्सची आणि बीटाडीनची ॲलर्जी विचारायची. १६ किंवा १८ नंबरचा फोली. फुगा आधी बाहेर फुगवून बघायचा, गळका फुगा आत गेल्यावर कळत नाही. स्पेक्युलम लावून तोंड बीटाडीनने पुसायचं, डॉक्टर स्पंज होल्डरमध्ये कॅथेटर धरून आतल्या तोंडाच्या पलीकडे सरकवतात. मग फुग्यात सलाईन किंवा स्टराइल वॉटर हळूहळू, आधी ३० मिली, बाई कळवळत नसेल तर ६० पर्यंत. भरताना जोरात दुखलं तर फुगा बहुतेक आत न जाता पिशवीच्या तोंडातच फुगतोय. तेव्हा रिकामा करून पुढे सरकवून परत भरायचा. हे चुकलं की दहा मिनिटांत फुगा बाहेर येतो आणि सगळे म्हणतात "तोंड उघडलं". उघडलेलं नसतं.

नंतर हलकं ओढून फुगा आतल्या तोंडावर टेकवायचा आणि कॅथेटर मांडीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावायचा. सलाईनची बाटली टांगून वजन देऊ नये. टोक बंद करायचं. वेळ आणि किती मिली भरलं, दोन्ही लिहायचं. परत एनएसटी. बाई चालू शकते, जेवू शकते, लघवीला जाऊ शकते. दर दोन-तीन तासांनी ताण बघायचा, ढिला झाला तर पट्टी पुन्हा लावायची.

१२ तास ठेवतात, २४ च्या वर नाही. फुगा आपणहून पडला की तोंड साधारण ३ सेंटीमीटर असतं, पण अजून जाड असू शकतं, म्हणून लगेच तपासणी. फुगा लागलेला असताना लाल रक्त जायला लागलं, पाणी गेलं, ताप आला, ठोके बिघडले किंवा पोट सलग दुखत राहिलं तर फुगा रिकामा करून काढायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. वार खाली असेल तर हा प्रकार करायचाच नाही.

आणखी एक. मोठा फुगा कधी कधी डोकं वर ढकलतो. फुगा निघाल्यावर घाईने पाणमोट फोडली आणि डोकं बसलेलं नसेल तर नाळ खाली घसरते. आधी पोटावरून डोकं किती वर आहे ते बघायचं, मगच पाणमोट.

बहुतेक जण फुगा संध्याकाळी लावतात. त्यामुळे रात्र तोंड पिकण्यात जाते आणि ऑक्सिटोसिन सकाळी, सगळा स्टाफ हजर असताना सुरू होतं. ही सवय चांगली आहे.

जत_सीएचओ

खूप उपयोगी. ऑक्सिटोसिनचा हिशोबही कुणी लिहाल का? आमच्याकडे ते देत नाही, पण नातेवाईक विचारतात की "सलाईन इतकं हळू का सोडलंय, वाढवायला सांगा". त्यांना काय सांगू?

लेबररूम_सिस्टर_सांगली

५०० मिली आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) ५ युनिट टाकले की १ मिलीत १० मिलियुनिट येतात. पंप असेल तर तासाचे मिली भागिले ६, म्हणजे मिनिटाचे मिलियुनिट. सुरुवात मिनिटाला १ ते २ मिलियुनिट, म्हणजे तासाला ६ ते १२ मिली. दर ३० मिनिटांनी १ ते २ ने वाढवायचं. कमाल २० मिलियुनिट, म्हणजे तासाला १२० मिली. व्रण असलेल्या पिशवीत त्याच्या वर जायचं नाही, कारण वरच्या डोसला फाटण्याचा धोका चढत जातो. २० पर्यंत पोचायची पाळी क्वचितच यावी.

पंप नसेल तर २० थेंबांना १ मिली येणाऱ्या सेटवर थेंबांच्या निम्मे मिलियुनिट. ४ थेंब म्हणजे २. पण सेटच्या पाकिटावर थेंब किती ते वाचा, ६० थेंबांचा मायक्रो सेट असेल तर हाच हिशोब तिपटीने चुकतो. खरं सांगायचं तर आधीचं सिझर असलेल्या बाईला पंपाशिवाय ऑक्सिटोसिन लावूच नये. कूस बदलली, हात दुमडला की थेंब बदलतात.

नातेवाईकांना एवढं सांगा की एका डोसचा पूर्ण परिणाम दिसायला अर्धा तास लागतो. त्याआधी वाढवलं की मागचा आणि पुढचा डोस एकदम अंगावर येतो. १० मिनिटांत ३ ते ४ कळा आल्या की वाढवणं थांबवायचं. ५ पेक्षा जास्त झाल्या, किंवा दोन कळांमध्ये पोट सैल पडत नसेल, तर सलाईन बंद, डाव्या कुशीवर, डॉक्टर हजर. गरज पडली तर कळा ढिल्या करणारं टर्ब्युटालिन ०.२५ मिग्रॅ कातडीखाली.

बाळाच्या ठोक्यांचा पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग हवा. अर्ध्या तासाला डॉप्लर लावून बघणं इथे पुरत नाही.

भूलतज्ज्ञ_सातारा

वर औषधांचं नीट आलं आहे. मी जागेबद्दल लिहितो, कारण सातारा-सांगलीच्या तालुक्यांत खरी अडचण तिथे येते.

पिशवी फाटायला लागली की सगळ्यात आधी बहुधा बाळाचे ठोके बिघडतात, ११० च्या खाली जाऊन वर येत नाहीत. बाकीची लक्षणं प्रत्येकीत दिसतीलच असं नाही: कळ संपल्यावरही टाक्याच्या जागी दुखत राहणं, अंगावरून रक्त, लघवीत रक्त, नाडी वाढणं, चालू कळा अचानक थांबणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर जाणं. काही वेळा दुखणं खांद्यात जाणवतं. १९९३ च्या एका अभ्यासात ठोके घसरल्यापासून १८ मिनिटांच्या आत बाहेर आलेली बाळं बरीचशी सुखरूप होती, त्यापुढे गंभीर इजा दिसू लागली. १८ मिनिटांत जतहून डफळापूरसुद्धा गाठता येत नाही. त्यामुळे "कळा तालुक्याला आणू, अडलं तर मिरजेला पाठवू" हा बेत पहिल्यापासूनच बाद.

दवाखाना ठरवताना नातेवाईकांनी हे विचारावं: रात्री २ वाजता भूलतज्ज्ञ आवारात असतात की फोन केल्यावर येतात, आणि यायला किती मिनिटं? थिएटर एकच आहे का? रक्त क्रॉसमॅच करून (तिच्या रक्ताशी जुळवून) रक्तपेढीत राखून ठेवतात का? नवजात बाळांचा विभाग तिथेच आहे का? यातल्या कशालाही "बघू, होऊन जाईल" असं उत्तर आलं तर तिथे कळा आणू नयेत. सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराड-मिरजेतली मोठी रुग्णालयं, यांतलं जे जवळ पडेल तिथे जाऊन आधीच हे विचारून ठेवा. शासकीय रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, लागलं तर सिझर, रक्त आणि ने-आण मोफत आहे. पैशांपायी जवळच्या छोट्या ठिकाणी थांबायचं कारण नाही.

एपिड्यूरलबद्दल (कळा सुसह्य करायला पाठीतून दिलेल्या भुलीबद्दल) गैरसमज आहे की त्याने फाटल्याचं दुखणं झाकलं जातं. देता येतं. एपिड्यूरल चांगलं लागू असताना बाई पुन्हा पुन्हा जास्त डोस मागायला लागली, तर तीच धोक्याची खूण समजून तपासायचं.

हातात १८ नंबरची सुई सुरुवातीलाच, रक्तगट आणि क्रॉसमॅच दाखल होतानाच. हिमोग्लोबिन १०.४ आहे, चालेल, पण जास्त रक्तस्राव सोसायला फार जागा नाही. म्हणून रक्ताची सोय ही चेकलिस्टमधली शेवटची ओळ समजू नका.

प्रसूती_मिरज

सरांच्या मुद्द्याला जोडून, कुठे थांबायचं ते. तोंड ५ सेंटीमीटरपर्यंत आल्यावर चांगल्या कळा असूनही ४ तासांत प्रगती नाही, तर इतर बाईच्या बाबतीत आपण आणखी वाट बघू, इथे बघत नाही. अडलेलं बाळंतपण आणि वाढवत नेलेलं ऑक्सिटोसिन, फाटण्याच्या घटना बऱ्याचदा याच जोडीत होतात. बाळ खाली आल्यावर पोटावरून दाब देणं तर अजिबात नाही. अजूनही काही ठिकाणी कुणीतरी स्टुलावर चढून दाबतं. जुन्या टाक्यावर हे करणं जिवाशी खेळ आहे, नातेवाईकांनी तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

ठरवून दुसरं सिझर हाही रास्त निर्णय आहे. जोडप्याला दोनच मुलं हवी असतील आणि त्याच वेळी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करायचं असेल, तर त्यांचा हिशोब वेगळा पडतो. तिसरं मूल हवं असेल तर नॉर्मलच्या प्रयत्नाला जास्त वजन आहे, कारण प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार खाली येऊन जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. वार खाली आलेल्या मातांत दुसऱ्या सिझरच्या वेळी ती रुतलेली सापडण्याचं प्रमाण साधारण ११ टक्के, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. "पुढे मूल हवंय का" हे त्या दोघांना सासू-सासरे नसताना विचारा.

जत_सीएचओ

विचारते. आणि एरंडेल? सासूबाईंना नुसतं "नको" म्हटलेलं पटत नाही, त्यांच्या स्वतःच्या सगळ्या बाळंतपणांत घेतलंय.

प्रसूती_मिरज

त्यांचं बरोबर आहे की एरंडेलाने कळा येऊ शकतात, आणि नको म्हणण्याचं कारणही तेच. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल पिशवीतल्या प्रोस्टाग्लँडिनच्याच एका ग्राहकावर काम करतं, हे २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं गेलं. म्हणजे जी गोळी आपण ठेवत नाही, तिच्याच वाटेचं औषध, तेही घरी, मोजमाप आणि पट्ट्याशिवाय. वर जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. सासूबाईंना सांगा, "तुमच्या पिशवीवर टाका नव्हता, हिच्यावर आहे." खजूर, चालणं, हलकं घरकाम चालेल, शुगर नॉर्मल आहे.

आता चिठ्ठीचं. पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड मिळवाच, ते माहेरी असेल तर आजच फोटो मागवा. त्यात छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा घेतला असं लिहिलंय का, तो वर किंवा कोपऱ्यात वाढला होता का, नंतर ताप किंवा जखमेत पू झाला होता का, हे बघा. पोटावरचा आडवा टाका बघून पिशवीवरचाही आडवाच असेल असं धरू नका. उभा किंवा उलट्या टीसारखा छेद असेल, किंवा पिशवीवर गाठ काढण्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर नॉर्मलचा विषय तिथेच संपतो. कार्ड सापडलंच नाही, तरी पूर्ण दिवसांचं पायाळू बाळ म्हणजे बहुधा खालचाच छेद, पण "कार्ड नाही" असं स्पष्ट लिहा. सोनोग्राफीत टाक्याची जाडी लिहून आली तर तेवढ्यावरून हो किंवा नाही ठरवू नका, त्याचा सर्वमान्य आकडा नाही.

चिठ्ठीवर मागच्या बाळंतपणाची तारीख (१८ महिन्यांपेक्षा कमी अंतर असतं तर धोका वाढला असता, इथे ३ वर्षं आहेत), पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन आणि वाराची जागा लिहा. तारीख पाळीवरून धरली असेल तर तसं लिहा, कारण ४१ चा सगळा हिशोब त्यावर आहे.

आणि तिला ४० पूर्ण होताच मिरज-सांगलीत नातेवाइकांकडे येऊन राहायला सांगा. कळा घरी सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर १०८ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात "आधीचं सिझर आहे" असं सांगायचं, आणि गाडी मधल्या ग्रामीण रुग्णालयात तपासणीसाठी न थांबवता सरळ जिथे नाव नोंदवलंय तिथे आणायची.

भूलतज्ज्ञ_सातारा

पावसाळ्यात ही तारीख येणाऱ्यांसाठी एक भर. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे रस्ता दरडीने बंद होतो आणि सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा चढली की शहरातले काही भाग तुटतात. जुलै-ऑगस्टमधल्या अशा मातांना ३९ लाच पाण्याच्या अलीकडच्या, म्हणजे रुग्णालयाच्या बाजूला हलवा. नोंदवलेल्या रुग्णालयात पाणी शिरलं तर दुसरं कोणतं, हे त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.